अलिबागला जाताना तिथी बघा

नमस्कार श्रोतेहो. दोन दिवस समुद्रावर निवांत पडून यावं असं वाटतंय, पण लांबचा प्रवास नकोय? मग अलिबाग. गेटवेवरून लाँच धरली की तासाभरात मांडवा, आणि बऱ्याच लाँचच्या तिकिटात पुढची बसही असते. गाडी न्यायची तर 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात, तेवढं ध्यानात ठेवा.

राहण्याची सोय कुठेही होते. पण खोली ठरवण्याआधी तिथी बघा. पुन्हा सांगतो, आधी तिथी, मग खोली. का, ते सांगतो.

आम्ही आत्याला घेऊन गेलो होतो. दुसऱ्या दिवशी संकष्टी, आणि समोर पाण्यात कुलाबा किल्ला, ओहोटीला चालत जाता येतं असा. आत गणपतीचं देऊळ आहे म्हटल्यावर आत्याला दर्शनाला जायचंच होतं. हॉटेलात विचारलं तर म्हणाले, सावकाश नाश्ता करून जा, केव्हाही जाता येतं. संध्याकाळी वाळूवर एक म्हातारे कोळीदादा जाळं विणत बसले होते. आत्यानं त्यांनाच विचारलं. हातातली सुई न थांबवता ते म्हणाले, "उद्या चवथ ना? चार पाऊण तीन. तीनला पाणी भरणार. म्हणजे नवाच्या पुढे सुकती. आठाला निघा नि साडेदहाच्या आत माघारी या."

चार पाऊण तीन! आत्याचा चेहरा असा खुलला. शाळेत घोकलेली पाऊणकी ती, म्हणजे पाऊणचा पाढा. तिनं लगेच पुढचं उचललं, "पाच पाऊण पावणेचार." दादा म्हणाले, "सहा पाऊण साडेचार." आत्या म्हणाली, "सात पाऊण सव्वापाच." दोघं थेट पंधरा पाऊण सव्वाअकरापर्यंत गेले आणि एकदाही अडखळले नाहीत. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो, तशी भरतीही पुढे सरकते. म्हणून तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. पाऊणकी शाळेतून गेली हे मला अजिबात पटलेलं नाही. दिडकी, सवायकी, पाऊणकी मुलांना यायलाच हवी. असो.

सकाळी आठला निघालो. घोट्याएवढं पाणी, पायाखाली लाटांनी वळ्या पाडलेली घट्ट वाळू. 1680 साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं. तटाचे मोठाले चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. भर समुद्रात असून आतल्या विहिरीचं पाणी गोडं. गणपतीपुढे आत्या डोळे मिटून बराच वेळ बसली. आम्ही सव्वादहाला परत किनाऱ्यावर. बाराच्या सुमाराला नाश्ता आटोपून आलेली मंडळी मात्र वाढत्या पाण्याकडे बघत उभी होती.

तर श्रोतेहो, चवथ असेल तर तीनला भरती, नवाच्या पुढे ओहोटी. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचं पाणी, ते फारसं ओसरत नाही. तेव्हा किल्ल्याचा हट्ट नको. आणि गणित पक्कं असलं तरी निघण्यापूर्वी तिथल्या कोळ्यांना विचारा.

बाकी दिवसभर काही करू नका. दुपारी खानावळीत मासे, भात, सोलकढी, मग भरतीचा आवाज ऐकत आडवं व्हा. किनाऱ्यावर स्पीकर लावणाऱ्यांना कुणीतरी आवरायला हवं, समुद्र ऐकायला आलेल्यांनी जायचं कुठे? उन्हाळ्यात गेलात तर पांढऱ्या कांद्याची माळ जरूर घ्या. 2022 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि तो कच्चा खाण्यातच मजा आहे. परतीची लाँच जमल्यास सोमवारी सकाळची धरा. रविवारी संध्याकाळी मांडव्याला गर्दी फार असते.