फोडणीवर आळ

[दृश्य: नाकाला चिमटा, तोंडात नळी]

ही दम्याची एक तपासणी. मेथाकोलिन या श्वासनलिका आवळणाऱ्या औषधाचा फवारा ओढायचा, मग जीव खाऊन फुंकायचं. डोस टप्प्याटप्प्याने वाढवतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा २० टक्क्यांनी घटली की थांबतात. धडधाकट माणूस बराच पुढे जातो; दमेकऱ्याच्या श्वासनलिका थोडक्यातच आवळतात. पण किती डोसला आवळतात, हा आकडा कायमचा नसतो. तो खाली-वर होतो.

१९७७. कॅनडातलं हॅमिल्टन. डोनाल्ड कॉकक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना ज्याची ॲलर्जी होती, तेच श्वासातून दिलं. पहिला झटका काही मिनिटांत येतो, दोन-तीन तासांत ओसरतो. काहींना मात्र तीन ते आठ तासांनी दुसरा येतो. त्या वेळी इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी नलिकांच्या अस्तरात जमतात, सूज धरते. ज्यांना हा उशिराचा झटका आला, त्यांच्या नलिका पुढे कित्येक दिवस आधीपेक्षा कमी डोसलाच आवळत राहिल्या.

[दृश्य: उशी, अगदी जवळून]

प्रयोगशाळेत एकदाच, भरपूर. घरात रोज, थोडं थोडं. धूळकिडा जेमतेम पाव-तीन दशांश मिलिमीटरचा. बाधते ती मुख्यतः त्याची विष्ठा. रात्रभर ती नाकाशीच. मात्रा इतकी कमी, की धाप लागेलच असं नाही. पण सुजेला उतरायला उसंत मिळत नाही. मग थंड वारा, जिना, मिरचीची फोडणी, काहीही पुरतं. आळ येतो फोडणीवर. उशीला कोणी विचारत नाही. ‘हळूहळू सवय होईल’ म्हणणाऱ्यांचं इथे साफ चुकतं.

उलट बाजूही तपासली गेली. १९८२ साली लंडनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ दमेकरी दोन महिने किंवा जास्त काळ रुग्णालयाच्या खोल्यांत राहिले. तिथे धूळकिडे नगण्य. पाच जणांच्या नलिका आवळायला आता आठपट किंवा त्याहून जास्त हिस्टामिन (मेथाकोलिनसारखंच नलिका आवळणारं रसायन) लागलं!

मग गादी-उशीला खोळ घातली की झालं? इतकं सोपं नाही. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या हजारावर प्रौढांच्या चाचणीत नुसत्या खोळींनी दमा सुधारला नाही. उशी झाकली तरी गालिचा, सोफा उरतातच. धाप लागल्यावर ओढायचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, सूज तशीच ठेवतो. सुजेवर काम करतं ते रोजचं स्टिरॉइड इनहेलर, आणि बरं वाटलं की लोक नेमकं तेच परस्पर बंद करतात.