हार्ड रॉकसाठी स्पीकर घेताना

श्रोतेहो, नमस्कार. स्पीकर घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता हमखास गझल नाहीतर बासरी लावतो. हुशार माणूस! एक गळा, मागे हलका तबला. एवढं तर पाच इंची वूफरही (स्पीकरचा खालचे सूर वाजवणारा भाग) गोड वाजवतो. तुम्हाला मात्र घरी डीप पर्पल किंवा एसी/डीसी असे हार्ड रॉक बँड ऐकायचेत. तिथे हा गोडवा फार वेळ टिकत नाही.

बेस गिटारची सगळ्यांत जाड तार सुटी छेडली तर साधारण 41 हर्ट्झला वाजते, साध्या गिटारची 82ला. म्हणून लोक आधी सबवूफरच्या, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणाऱ्या वेगळ्या खोक्याच्या, मागे लागतात. पण या संगीताचा जीव मधल्या पट्टीत आहे. गिटारच्या ॲम्पमधले (आवाज वाढवणाऱ्या यंत्रातले) बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देतच नाहीत. म्हणजे डिस्टॉर्शनचा, मुद्दाम फाडलेल्या गिटारच्या आवाजाचा, तो गुरगुराट सगळा त्याच्या खाली, आणि गायकाचा आवाजही बहुतेक तिथेच. ही पट्टी गढूळ असली की दोन गिटारी आणि गायक यांचा काला होतो. मग खालून सबवूफर कितीही हादरवा.

आता वॉट. खोक्यावर ठळक छापलेला वॉटचा आकडा मी तरी बघत नाही. बघायची ती सेन्सिटिव्हिटी: एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात ते. समजा एका स्पीकरचा आकडा 85 आहे, दुसऱ्याचा 95. फरक दहाचाच दिसतो, पण तेवढाच आवाज काढायला पहिल्याला दसपट पॉवर लागते. ड्रमचा फटका 105 डेसिबलपर्यंत न्यायचा तर 95वाल्याला दहा वॉट पुरतात, 85वाल्याला शंभर. तुमचा ॲम्प चाळीस वॉटचा असेल तर फटक्याचं टोक छाटलं जातं. खाडकन वाजायची ती स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) फुसकी होते. वर ट्वीटर (बारीक, उंच सूर वाजवणारा छोटा स्पीकर) जळायची धास्ती वेगळीच.

रॉकवाल्यांच्या तोंडी तीच ती जुनी नावं का येतात, ते यावरून कळेल. क्लिप्श कंपनीची हेरेसी 1957 सालची. बारा इंची वूफर, वर हॉर्न म्हणजे भोंगा, त्यामुळे थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज. जेबीएलची एल100 आली 1970मध्ये. स्टुडिओतल्या 4310 मॉनिटर स्पीकरचं ते घरगुती रूप, त्यातही वूफर बारा इंचीच. हेरेसीचं नाव काढलं की चोखंदळ मंडळी नाकं मुरडतात: हॉर्न कानात घुसतो, फार खोलचा बेस नाही. तक्रार खोटी नाही. पण ड्रम अंगावर यावा तर तो असा! मला विचाराल तर हार्ड रॉकसाठी हा सौदा मंजूर.

मोठा वूफर आणला आणि घरी नुसती घूं घूं झाली, असंही होतं. दोष बहुधा खोलीचा असतो. समोरासमोरच्या भिंतींत बारा फुटांचं अंतर असेल, तर 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर ती खोली स्वतःच फुगवते. बेस गिटारच्या जाड तारेवरचा दुसऱ्या पडद्याचा (फ्रेटचा) सूर नेमका तिथला. तो आला की शोकेसच्या काचा बोलायला लागतात, शेजारच्या सुरांना पत्ताच नसतो. स्पीकर कोपऱ्यातून काढा, मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या, आपली खुर्चीही भिंतीला चिकटवू नका. पडदे आणि सतरंजी लाद्यांवरून येणारा चरचरीतपणा कमी करतात, या घुमण्यावर मात्र त्यांचा इलाज नाही.

दुकानात आपलं ऐकून ऐकून पाठ झालेलं रेकॉर्डिंग न्या, पण जरा निवडून. मेटॅलिका बँडचा 2008चा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम नको. तो शेवटच्या मास्टरिंगमध्ये इतका दाबलाय, हळू आणि मोठ्या आवाजातला फरकच मारलाय, की त्यावरून चाहत्यांनीच ओरडा केला होता. त्याच्यावर चांगला स्पीकरही नापास ठरायचा. सत्तरच्या दशकातलं काही असेल तर उत्तम. विक्रेत्याला बेस, ट्रेबल मधोमध ठेवायला आणि लाउडनेसचं (बेस-ट्रेबल फुगवणारं) बटण बंद करायला सांगा. मग आवाज हळूहळू चढवा. गिटारी जोरात असतानाही बेस गिटार काय वाजवतेय ते कळतंय का? गायक कुठल्या टप्प्यावर किंचाळायला लागतो? आणि पैसे मोजण्याआधी विचारून घ्या, जोडी दोन दिवस घरी लावून बघायला देता का म्हणून.