जुनापाणीची शिळावर्तुळं

नागपूरहून काटोल रस्त्याला लागलं, शहराची वस्ती विरळ झाली, की जुनापाणीचा माळ येतो. पावसाळ्याच्या शेवटी इथे घाणेरी कमरेला लागते. तरोटा पिवळा फुललेला असतो. त्यातून डोकं वर काढणारे हे काळे धोंडे पाहिले, की वाटतं, कुणी शेत साफ करून दगड बांधावर टाकलेत.

आता जरा वरून पाहा. धोंडे गोलात आहेत. शेजारी दुसरा गोल, त्याच्या पलीकडे तिसरा. अशी सुमारे 300 वर्तुळं या परिसरात नोंदली गेली आहेत, आणि ही माणसांची थडगी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, लोहयुगातली.

एका थडग्यामागे केवढे कष्ट आहेत! आधी जागा निवडायची. कुठे खड्डा खणायचा, कुठे जमिनीवरच मृताचे अवशेष ठेवायचे. सोबत काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर. त्यावर चिकट काळी माती आणून भरायची, वर गोटे आणि मुरूम पसरायचा. मग एकट्यादुकट्याला हलणार नाहीत असे धोंडे आणून भोवती रचायचे. हे एका घराचं काम नव्हे, अख्खी वस्ती राबली असणार.

हा दगड जवळून बघा. शेवाळ पुसलं, की खळगे दिसतात. गोल, वाटीसारखे, ओळीत कोरलेले. असे खळगे सगळ्या धोंड्यांवर नाहीत, मोजक्यांवरच आहेत. आणि ते धोंडे वर्तुळात ठरावीक दिशांना येतात, असं अभ्यासकांना आढळलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी त्या दिशा मोजल्या आणि आकाशातल्या ताऱ्यांशी त्यांचं नातं तपासून पाहिलं.

रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 1867 मध्ये इथली काही वर्तुळं खणली. त्याला मिळालेल्या काही वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे 1961-62 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. जवळच्याच माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांना माणसांसोबत पुरलेले घोडे सापडले, आणि घोड्याच्या डोक्यावर चढवायचा तांब्याचा साजही. जनावरालाही सजवून निरोप देणारी माणसं होती ही.

नागपूरच्या आसपासची कितीतरी वर्तुळं नांगराखाली, खाणींत आणि बांधकामांत गेली.

जुनापाणीची पुष्कळशी अजून जागेवर आहेत. प्रत्येक वर्तुळाला क्रमांक हवा, भोवती आखलेली हद्द हवी. दरवर्षी पाऊस ओसरला, की घाणेरी मुळासकट निघायला हवी. तिची मुळं धोंड्यांच्या बुडाशी शिरतात. आणि रस्त्यावर मराठीत एक ठळक फलक हवा, इथे थडगी आहेत असं सांगणारा.