कॅम्पबेलटाउन: नऊ दिवसांत बदललेली विनाशिका

या जुन्या फोटोतली चार धुराडी मोजून घ्या. पुढे त्यांतली दोनच उरणार आहेत.

ही यूएसएस ब्युकॅनन. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बाथ आयर्न वर्क्समध्ये बांधलेली, जानेवारी १९१९मध्ये नौदलात आलेली. आराखडा पहिल्या महायुद्धासाठी केलेला, पण बोट पाण्यात उतरली तेव्हा ते युद्ध संपलंही होतं. लांबी सुमारे ९६ मीटर, रुंदी जेमतेम साडेनऊ. चार इंची चार तोफा, बारा टॉर्पेडो नळ्या आणि ३५ नॉटचा वेग. या वेगापायीच तिचं अंग असं सडपातळ ठेवलेलं. त्याचा त्रास खलाशांना व्हायचा. समुद्र खवळला की ती बेफाम डोलायची, आणि वळायला तिला भलामोठा फेरा घ्यावा लागायचा.

सप्टेंबर १९४०मध्ये अमेरिकेने अशा ५० जुन्या विनाशिका ब्रिटनला दिल्या आणि बदल्यात ब्रिटिश वसाहतींमध्ये नौदलाच्या तळांसाठी जागा घेतल्या. सौदा अमेरिकेच्या फायद्याचा होता, पण जर्मन पाणबुड्यांनी जेरीस आणलेल्या ब्रिटनला घासाघीस करायला सवड नव्हती. ब्युकॅननचं नाव आता झालं एचएमएस कॅम्पबेलटाउन. दीड वर्ष तिने व्यापारी जहाजांच्या ताफ्यांना सोबत करण्यात काढलं.

आता फ्रान्सचा अटलांटिक किनारा. ल्वार नदीच्या मुखाशी सें नाझेर बंदर आहे. तिथली नॉर्मंडी गोदी सुमारे ३५० मीटर लांब. जर्मनांची टिर्पिट्झ ही अजस्र युद्धनौका दुरुस्तीला घेऊ शकेल अशी या किनाऱ्यावरची ही एकमेव सुकी गोदी. ती निकामी झाली, तर टिर्पिट्झला अटलांटिकमध्ये पाठवताना जर्मनांना दहादा विचार करावा लागणार होता. म्हणून ब्रिटिशांचा बेत ठरला: स्फोटकांनी भरलेली बोट गोदीच्या पोलादी दरवाजावर घालायची.

अडचण खोलीची होती. नदीतल्या खोल वाटेवर जर्मन तोफांचा पहारा. बाजूच्या गाळाच्या पट्ट्यांवरून जायचं, तर मार्चअखेरच्या उधाणाच्या भरतीतही पाणी बेताचंच. बोट हलकी केल्याशिवाय तिचा तळ तिथून सुटणार नव्हता.

१० मार्च १९४२ला डेव्हनपोर्टच्या गोदीत काम सुरू झालं. एरवी युद्धकाळात विनाशिका गोदीत गेली की नव्या तोफा, नवी यंत्रं घेऊन बाहेर येते. इथे सगळा जोर काढून टाकण्यावर. टॉर्पेडो नळ्या गेल्या, मोठ्या तोफा गेल्या, डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) गेले. पुढे एक हलकी तोफ बसवली आणि जवळच्या माऱ्यासाठी २० मिलिमीटरच्या आठ ऑर्लिकॉन तोफा. चारपैकी दोन धुराडी उतरवली आणि उरलेल्या दोघांची टोकं तिरकी छाटली, म्हणजे लांबून ती जर्मन टॉर्पेडो बोट वाटावी. या तोफा आणि स्फोटकं सोडली, तर वजन वाढवायला परवानगी होती ती एकाच कारणासाठी, माणसं वाचवायला. ब्रिजभोवती चिलखती पत्रा चढला, आणि डेकवर पालथे पडून जाणाऱ्या कमांडोंसाठी दोन्ही बाजूंना पत्र्याचा आडोसा उभा राहिला.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो स्फोटकांच्या जागेचा हिशेब. २४ डेप्थ चार्ज, म्हणजे चार टनांहून जास्त दारूगोळा, पोलादी टाकीत ठेवून वरून काँक्रीट ओतलं. टाकी नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात ठेवली असती, तर धडकेतच चेंदली असती. फार मागे ठेवली असती, तर स्फोट दरवाजापासून दूर राहिला असता. म्हणून ती पुढच्या तोफेच्या आधारखांबाच्या लगेच मागे बसवली. हे काम लेफ्टनंट नायजेल टिबिट्स यांचं. ते स्वतः मोहिमेवर गेले आणि परतले नाहीत.

नऊ दिवसांत बोट तयार झाली.

२६ मार्चला ताफा फाल्मथहून निघाला. २८ तारखेच्या मध्यरात्रीनंतर जर्मन झेंडा लावून कॅम्पबेलटाउन नदीत शिरली. दोनदा तळ गाळाला घासला, दोन्ही वेळा ती सुटली. मग प्रकाशझोत, तोफांचा भडिमार, आणि जर्मन झेंडा उतरवून चढवलेला ब्रिटिश झेंडा. १ वाजून ३४ मिनिटांनी, ठरल्या वेळेपेक्षा फक्त चार मिनिटं उशिरा, लेफ्टनंट कमांडर स्टीफन बीटी यांनी ती दरवाजावर घातली. नाळेचा अकरा मीटर भाग चेपला. टाकी शाबूत राहिली.

सकाळी जर्मन अधिकारी आणि सैनिक बोटीवर चढून पाहणी करत होते. स्फोटकांना उशिरा पेटणारे फ्यूज लावले होते. त्यांची अपेक्षित वेळ उलटून गेली होती, आणि मग स्फोटकं फुटली. दरवाजा उडाला, समुद्र आत घुसला, त्या लोंढ्याने बोटीचा मागचा भाग गोदीत ढकलला.

मोहिमेवर गेलेल्या ६११ जणांपैकी १६९ मारले गेले, दोनशेहून अधिक कैद झाले. कैदेत गेलेल्या बीटींना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गोदी युद्ध संपेपर्यंत बंदच राहिली. टिर्पिट्झ फ्रान्सच्या किनाऱ्याला कधी आलीच नाही. नोव्हेंबर १९४४मध्ये ब्रिटिश विमानांनी तिला नॉर्वेत बुडवलं.