८० गुण मिळवूनही प्लेऑफ का? लूटन टाउनची वर-खाली गोष्ट

नमस्कार मंडळी! रेक्सहॅम या फुटबॉल क्लबचा व्हिडिओ टाकला आणि खाली कमेंट्सचा नुसता पाऊस. "ताई, राहता लूटनमध्ये आणि गोडवे गाता रेक्सहॅमचे?" एकाने तर लिहिलंय, "कोल्हापूरची असून घरच्या टीमला सोडलंस, पेठेत पाऊल ठेवू नकोस." बरं बाबा. आज लूटन टाउन, मी राहते त्या इंग्लंडमधल्या गावाचा क्लब. फक्त लूटन. आणि हो, ज्यांनी "बाईमाणसाला ऑफसाइड कळतो का" असं विचारलंय, त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघावा. ऑफसाइडवर मी एक शब्द बोलणार नाहीये, पण बघा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी झटकन. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये सगळ्यात वर प्रीमियर लीग, खाली चॅम्पियनशिप, त्याखाली लीग वन, मग लीग टू, आणि पाचव्या पायरीवर नॅशनल लीग, जिला आधी कॉन्फरन्स म्हणायचे. दरवर्षी वरचे काही खाली येतात, खालचे काही वर जातात. आयपीएलमध्ये दहाव्या नंबरला आलात तरी पुढच्या वर्षी परत हजर, इथे तसलं चालत नाही. झालं. एवढं पुरे.

आता मुद्द्याचं. लूटन टाउन, स्थापना १८८५. गावात पूर्वी टोप्या बनायच्या म्हणून टीमचं नाव हॅटर्स. १९८८ मध्ये वेम्बलीवर आर्सेनलला ३-२ हरवून लीग कप जिंकलेली टीम आहे ही, ऐरीगैरी नाही. १९९२ मध्ये वरच्या डिव्हिजनमधून खाली आले. आणि त्याच उन्हाळ्यात प्रीमियर लीग सुरू झाली! म्हणजे टीव्हीचा पैसा दारात आला आणि हे नेमके दाराबाहेर. परत आत यायला ३१ वर्षं लागली.

त्या ३१ वर्षांत काय झालं ते सांगते, पण आधी ज्यावरून माझं डोकं फिरतं ते घेऊ. प्लेऑफ.

(स्क्रीनवर २०२२-२३ चा चॅम्पियनशिपचा टेबल)

बघा. बर्नली १०१ गुण, पहिले. शेफील्ड युनायटेड ९१, दुसरे. हे दोघे थेट वर. लूटन ८० गुण, तिसरे. मिडल्सब्रो ७५, कॉव्हेंट्री ७०, संडरलंड ६९. तिसरा ते सहावा, या चौघांत प्लेऑफ. तिसरा विरुद्ध सहावा, चौथा विरुद्ध पाचवा, दोन-दोन मॅच, मग जिंकणाऱ्या दोघांची वेम्बलीवर फायनल. एकच जागा.

आणि दर वेळी हीच कमेंट: "तिसऱ्याचे दहा गुण जास्त आहेत, मग त्याला का खेळवता? अन्याय आहे." अरे, ४६ मॅचचे गुण प्लेऑफमध्ये धरतच नाहीत. एमपीएससीची पूर्व परीक्षा देता ना? पूर्वचे गुण मुख्य परीक्षेत मोजतात का? कटऑफच्या वर गेलात, आत आलात, संपलं. तिथे कोणी म्हणत नाही की माझे पूर्वला वीस गुण जास्त होते, मला थेट तहसीलदार करा. मग इथेच का गळा काढता?

आता "पण तिसऱ्याला काहीच फायदा नाही का" म्हणणाऱ्यांसाठी, कारण तेही आहेत. आहे फायदा. सेमीफायनलची दुसरी मॅच घरी मिळते. छोटी गोष्ट वाटते? लूटन संडरलंडला जाऊन २-१ हरलं होतं. मग परतीची मॅच केनिलवर्थ रोडवर. लूटनच्या ओशो नावाच्या खेळाडूचा एक, लॉकयरचा एक, २-० आणि विषय संपला. ८० गुणांची किंमत तिथे वसूल झाली.

केनिलवर्थ रोड हे प्रकरण तुम्हाला दाखवायलाच हवं. बरी पार्क नावाचा भाग आहे, आपल्या उपखंडातल्या लोकांची वस्ती. मिठाईची दुकानं, साड्यांची दुकानं, शुक्रवारी मशिदीची गर्दी. आणि या वस्तीत, घराघरांच्या मधोमध, स्टेडियम. पाहुण्या टीमच्या प्रेक्षकांनी आत जायचं कुठून? ओक रोडवर एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग आहे, तिच्यातून. घरांच्या दारांच्या ओळीत टर्नस्टाइल, म्हणजे एकेकाला आत सोडणारं फिरतं फाटक, वरच्या मजल्यावर लोकांच्या खिडक्या. आत शिरून जिना चढलात की खाली डाव्या-उजव्या हाताला लोकांची परसदारं. कपडे वाळत घातलेले, मुलांची सायकल आडवी पडलेली, कोणाचं बार्बेक्यू. मी पहिल्यांदा तिथून वर गेले, मॅच नव्हती, ओळखीच्या एका स्टुअर्डने, म्हणजे मैदानावर गर्दी सांभाळणाऱ्याने, आत सोडलं होतं, आणि माझं सगळं लक्ष त्या दोरीवरच्या कपड्यांकडे. तेव्हा जेमतेम दहा हजार लोक मावायचे. प्रीमियर लीगमध्ये आले तेव्हा लीगच्या इतिहासातलं सगळ्यात लहान मैदान हेच. वर गेल्यावर एक स्टँड घाईघाईत नव्याने बांधावा लागला आणि त्यापायी बर्नलीविरुद्धची घरची पहिली मॅच पुढे ढकलावी लागली!

हा स्टुअर्ड साठी उलटलेला, आणि त्याच्याकडून प्रमोशनच्या दिवसाची गोष्ट काढायची म्हणजे महाकठीण काम. विचारा वेम्बली २०२३, तो सांगतो २००९.

२००९ काय होतं ते सांगते. आधी पैशाचे घोटाळे, दिवाळखोरी, एकापाठोपाठ दोनदा खाली घसरण. मग २००८-०९ चा हंगाम सुरू व्हायच्या आधीच ३० गुण कापले. दहा एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, खेळाडूंच्या एजंटांना दिलेल्या पैशांवरून. वीस प्रीमियर लीगखालच्या तीन पायऱ्या चालवणाऱ्या फुटबॉल लीगने, दिवाळखोरीतून बाहेर पडायचे नियम पाळले नाहीत म्हणून. ही पापं आधीच्या कारभाऱ्यांची, आणि तेव्हा क्लब नुकताच विकत घेतलेला तो चाहत्यांच्या गटाने. भोगायचं त्यांनी. मॅनेजर मिक हार्फर्ड. टीमने मैदानावर ५६ गुण कमावले, म्हणजे लीग टूमध्ये आरामात मधला नंबर. ५६ वजा ३०, उरले २६. शेवटचे. लीगमधून बाहेर, थेट कॉन्फरन्समध्ये.

आणि त्याच एप्रिलमध्ये ही टीम वेम्बलीवर जॉनस्टोन्स पेंट ट्रॉफीची, म्हणजे लीग वन आणि लीग टूच्या टीमांच्या कपची, फायनल खेळली. स्कन्थॉर्पविरुद्ध, जादा वेळेत ३-२ जिंकली. लूटनहून चाळीस हजारांवर माणूस गेला होता. स्टुअर्ड सांगतो, त्या दिवशी बायको-पोरं, सासरा, शेजारी, सगळी वरात गेली होती, आणि सगळ्यांना माहीत होतं की थोड्याच दिवसांत आपण लीगमधून जाणार. "तरी गाणी म्हणत होतो," म्हणतो. पुढे काही बोलत नाही, गुण कापणाऱ्यांना दोन शिव्या देतो, त्या मी इथे म्हणत नाही.

हार्फर्ड हे नाव लक्षात ठेवा, हा माणूस लूटनच्या प्रत्येक गोष्टीत डोकावतो. १९८८ च्या कप जिंकणाऱ्या टीममध्ये हा. १९९१ मध्ये हा डर्बीकडून लूटनविरुद्ध खेळायला आला, हंगामाचा शेवटचा दिवस, लूटनला टिकायचं होतं, आणि याने हेडर मारला तो स्वतःच्याच गोलमध्ये! लूटन वाचलं. आता तो मुद्दाम मारला की चुकून, यावर इथल्या पबमध्ये अजून वाद झडतात. २००९ ला मॅनेजर हा. २०१९ च्या जानेवारीत मॅनेजर नेथन जोन्स अर्ध्या हंगामात स्टोकला निघून गेला, तेव्हा तात्पुरता कारभार परत याच्याकडे, आणि टीम लीग वन जिंकून वर. २०२३ ला वर गेले तेव्हाही हा क्लबमध्येच, नवे खेळाडू शोधायच्या कामावर. मधे प्रोस्टेट कॅन्सरशीही झुंज चालू. असा एक माणूस प्रत्येक गावाला मिळत नाही.

परत प्लेऑफ. हो, परत. कारण आता तिसऱ्या बाजूने सांगते आणि इथे रेक्सहॅमवाले ऐका.

कॉन्फरन्समधून तेव्हा थेट वर जायचा एकच, पहिला. दुसरी जागा प्लेऑफची. २०११ ची फायनल लूटन विरुद्ध एएफसी विम्बल्डन. विम्बल्डनचे ९० गुण, लूटनचे ८४. पेनल्टीवर लूटन हरलं. तेव्हा लूटनकरांनी रडून गाव भिजवलं. ठीक. पुढचं वर्ष, २०१२. फ्लीटवूड १०३ गुण, पहिले, वर गेले. दुसरं कोण? रेक्सहॅम. ९८ गुण! अठ्ठ्याण्णव. आणि लूटन पाचवं, ८१ गुणांवर. सेमीफायनलमध्ये लूटनने रेक्सहॅमला घरी २-० हरवलं, तिकडे जाऊन १-२ हरले, बेरीज ३-२. सतरा गुण जास्त असलेली टीम घरी बसली. मग फायनलला लूटन यॉर्ककडून हरलं ते वेगळं.

आता मला सांगा, २०२३ ला "तिसऱ्या लूटनवर अन्याय" म्हणणारे २०१२ ला कुठे होते? माझ्या ऑफिसातला एक जण लहानपणापासूनचा सीझन तिकीटवाला. मी त्याला हेच विचारलं, तर म्हणतो, आम्ही अन्याय केलाय आणि सोसलाय, दोन्हीची सवय आहे. २०२३ चं नॉट्स काउंटी आठवा. १०७ गुण काढून दुसरे आले, कारण रेक्सहॅमने १११ काढले. १०७ वर प्लेऑफ! ८४ गुणांच्या चेस्टरफील्डला फायनलमध्ये पेनल्टीवर हरवून ते कसेबसे वर गेले. राग काढायचाच असेल तर तिथे काढा, पाचव्या पायरीवर, जिथे थेट जागा एकच आहे. चॅम्पियनशिपमध्ये दोन आहेत. तिसऱ्याने तक्रार करू नये.

बरं, मधली पायरी पटकन. २०१४ ला जॉन स्टिलच्या हाताखाली १०१ गुणांनी कॉन्फरन्स जिंकली. २०१८ ला लीग टूमधून वर, २०१९ ला लीग वनमधून. जोन्स २०२० ला परत आला, टीम वाचवली, २०२२ ला प्लेऑफपर्यंत नेली आणि नोव्हेंबरमध्ये साउदम्प्टनला गेला. जागी आला रॉब एडवर्ड्स, ज्याला वॉटफर्डने, म्हणजे लूटनच्या कट्टर वैऱ्याने, दोन महिन्यांपूर्वीच हाकललं होतं. आमच्या कोल्हापुरात पाटाकडील तालमीच्या माणसाने वैरी दिलबहारच्या टीमकडे येऊन कप जिंकून द्यावा, तर शाहू स्टेडियमच्या बाहेर काय होईल? सोडा, कमेंट्स पेटतील. मे महिन्यात साउदम्प्टन प्रीमियर लीगमधून खाली आणि लूटन वर. जोन्सला त्यांनी फेब्रुवारीतच काढलं होतं.

२७ मे २०२३, वेम्बली. कॉव्हेंट्री. डेलॉइट या हिशेब-सल्लागार कंपनीचा अंदाज होता की जिंकणाऱ्याला किमान १७ कोटी पौंडांचा फायदा. आणि खेळ सुरू होऊन दहा-बारा मिनिटं होतात न होतात तोच कॅप्टन टॉम लॉकयर मैदानात कोसळला. कोणी धक्का दिला नव्हता. हॉस्पिटलमध्ये नेलं. आम्ही सगळे ऑफिसातल्याच्या घरी टीव्हीसमोर, त्याची आई उठून स्वयंपाकघरात गेली ती बाहेरच येईना. लूटनच्या जॉर्डन क्लार्कने गोल मारला, कॉव्हेंट्रीच्या हामेरने फेडला, १-१. जादा वेळेत लूटनच्या जो टेलरचा गोल हँडबॉलमुळे रद्द. पेनल्टी. पाच-पाच दोघांचे आत. सहावा लूटनचा डॅन पॉट्स, आत. कॉव्हेंट्रीच्या डाबोचा चेंडू बारच्या वरून. संपलं.

त्या दिवशीच्या टीममध्ये पेली-रूडॉक म्पान्झू होता. वेस्ट हॅमने सोडलेला पोरगा, २०१३ ला लूटन पाचव्या पायरीवर असताना आला आणि एकाच क्लबसोबत नॉन-लीगपासून प्रीमियर लीगपर्यंत चढलेला पहिला खेळाडू ठरला. स्टुअर्डला लॉकयरपेक्षा, एडवर्ड्सपेक्षा हा प्रिय. का, तर दहा वर्षं गेटवरून आत येताना रोज नावाने हाक मारायचा म्हणून.

प्रीमियर लीगचं वर्ष सांगायला मला जड जातं. डिसेंबरात बोर्नमथला लॉकयर परत कोसळला, या वेळी हृदयच बंद पडलं. वाचला. मॅच थांबवली. मार्चमध्ये ती पुन्हा खेळवली, लूटन ३-० पुढे होतं, आणि ४-३ हरलं. हंगाम संपला तेव्हा गुण किती? २६. २००९ ला ३० कापून उरलेले तेवढेच. पंधरा वर्षांत चार पायऱ्या चढून आकडा तोच! खाली आले. पुढच्या वर्षी, मे २०२५, वेस्ट ब्रॉमकडून ५-३ हरून परत खाली, थेट लीग वन. त्याच्या महिनाभर आधी गावातला व्हॉक्सहॉलचा व्हॅनचा कारखाना बंद झाला होता. इथले लोक दोन्ही बातम्या एका दमात सांगतात.

एक कमेंट होती, "मग फायदा काय झाला वर जाऊन?" पैसा झाला, गावातल्या पॉवर कोर्ट नावाच्या जागी नवं स्टेडियम होणार आहे, त्याला उभारी मिळाली. तो वेगळा व्हिडिओ आहे, माझं एडिटिंग पडून आहे, घाई करू नका.

आता लीग वनमध्येही तेच: पहिले दोन थेट, तिसरा ते सहावा प्लेऑफ. खाली काय लिहायचं ते लिहा, मी वाचते सगळं. फक्त "तिसऱ्याला थेट वर न्या" लिहिणार असाल, तर सोबत हेही लिहा की रेक्सहॅमच्या त्या ९८ गुणांचं काय करायचं. उत्तर पटलं तर पिन करते.