घटसर्प : प्रतिविषाला उशीर का चालत नाही

(दृश्य : टॉर्चच्या उजेडात घसा)

टॉन्सिलवर राखाडी-पांढरा पडदा दिसतोय. साधा पू असता तर कापसाच्या बोळ्याने पुसला गेला असता. हा निघत नाही. कड उचलायला गेलं की खालून रक्त येतं. आता तो पडजिभेकडे सरकू लागलाय. ताप मात्र बेताचाच, आणि घटसर्पात फसगत होते ती इथेच. ताप कमी म्हणून घरचे दोन दिवस हळद-दूध आणि गुळण्यांवर काढतात. तोवर विष रक्तात उतरलेलं असतं.

घटसर्पाचा जंतू बहुधा घशातच राहतो. हृदयापर्यंत आणि नसांपर्यंत पोचतं ते त्याने सोडलेलं विष. या विषाच्या रेणूचे दोन भाग असतात. एक आपल्या पेशीला बाहेरून चिकटतो, दुसरा आत शिरून पेशीचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतो. असा एक रेणू आत गेला तरी ती पेशी मरू शकते.

प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला धरून निकामी करतं. पेशीत शिरलेल्या विषापर्यंत मात्र ते पोचूच शकत नाही. प्रतिजैविक जंतू मारतं, पण आधी सुटलेल्या विषाला काही करत नाही. म्हणून दोन्ही लागतात, आणि त्यातही प्रतिविषाला उशीर चालत नाही.

(दृश्य : पागेतले घोडे)

हे औषध घोड्याच्या रक्तातून येतं. १८९० मध्ये बर्लिनला एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं, की विषाला सरावलेल्या प्राण्याचं रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतं. १८९४ मध्ये पॅरिसला एमिल रू यांनी घोड्यांपासून मोठा साठा तयार करून तो मुलांच्या रुग्णालयात वापरला. तिथे दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

मूळ रीत आजही तीच आहे. फॉर्मालिनने निर्विष केलेलं घटसर्पाचं विष घोड्याला वाढत्या मात्रेत टोचायचं, रक्तातली प्रतिपिंडं (विषाला धरणारी प्रथिनं) पुरेशी वाढली की रक्त काढायचं, तांबड्या पेशी घोड्याला परत द्यायच्या आणि उरलेलं रक्तद्रव पेप्सिन या पाचक द्रव्याने तोडून शुद्ध करायचं. यात महिने जातात. त्यामुळे साथ आल्यावर मागणी नोंदवून भागत नाही. साठा आधीच हाताशी हवा.

(दृश्य : वॉर्ड, टेबलावर मांडलेलं सामान)

आधी स्वॅब घ्यायचा, पडद्याच्या कडेखालून. पडदा खरवडून काढायचा नाही. रक्त येतं, सूज वाढते आणि सुटलेला तुकडा श्वासनळीत अडकू शकतो. स्वॅब प्रयोगशाळेत गेला की अल्बर्ट रंगाने जंतू रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली लगेच पाहता येते, पण घशात तसेच दिसणारे निरुपद्रवी जंतूही असतात. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, दिवस-दोन दिवस लागतात. जंतू विष बनवतो का, हे सांगणारी एलेक चाचणी त्याच्याही पुढची. अहवालासाठी प्रतिविष थांबवायचं नाही. संशय बळकट असेल तर ते सुरू करायचं.

मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरत नाही. चार वर्षांच्या मुलाला आणि चाळिशीच्या माणसाला ती सारखीच, कारण निकामी करायचंय ते विष. ते किती असेल याचा अंदाज पडदा कुठवर पसरलाय आणि किती दिवस झालेत यावरून करतात. घशात किंवा स्वरयंत्रात, दोन दिवसांच्या आतला आजार : २०,००० ते ४०,००० युनिट. पडदा नाकामागे पोचला असेल तर ४०,००० ते ६०,०००. तीन दिवस उलटलेत किंवा मान सुजून जबड्याची रेघच दिसेनाशी झालीय, तर ८०,००० ते १,००,०००. बाटली १०,००० युनिटची असेल तर एका मुलाला आठ ते दहा बाटल्या लागल्या. ही सगळी मात्रा एकाच वेळी द्यायची. बाटल्या पुरवून वापरायच्या म्हणून थोडी आज, थोडी उद्या दिली, तर मधल्या वेळात विष पेशींत शिरत राहतं.

प्रतिविष २५० ते ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून दोन ते चार तासांत शिरेतून देतात. लहान मुलात एकूण पाणी जास्त होणार नाही, हे पाहावं लागतं. बाटली २ ते ८ अंशांत ठेवलेली असते. थंडगार औषध तसंच चढवत नाहीत.

(दृश्य : सिरिंज जवळून)

घोड्याचं प्रथिन म्हटल्यावर तीव्र ॲलर्जीचा धोका आलाच. पूर्वी आधी त्वचेवर पातळ थेंब लावून पंधरा-वीस मिनिटं बघत, आणि अनेक ठिकाणी आजही बघतात. २०२४ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात मात्र ही चाचणी सरसकट करू नये असं म्हटलंय. चाचणी करा वा नका करू, ॲड्रेनालिन (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं औषध) भरून तयार असलंच पाहिजे : मिलिलिटरला १ मिलिग्रॅम ताकदीचं, वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिलिलिटर. ड्रिप आधी हळू सोडायची आणि कोणीतरी खाटेजवळ थांबायचं. अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरला, रक्तदाब उतरला, तर ड्रिप बंद करून आधी ॲड्रेनालिन. साधारण एक-दोन आठवड्यांनी ताप, पुरळ, सांधेदुखी सुरू झाली तर ती सीरमची, म्हणजे घोड्याच्या रक्तद्रवाची, प्रतिक्रिया असू शकते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं.

प्रतिजैविक १४ दिवस. अझिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनला पेनिसिलिनपेक्षा पसंती आहे. कोर्स संपल्यावर २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन स्वॅब स्वच्छ आले की मगच विलगीकरण संपतं.

पडदा गळून पडला म्हणजे सुटलो असं नाही. पेशींत शिरलेलं विष आपलं काम करतच असतं. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून वारंवार ईसीजी काढायचे आणि मुलाला खाटेवरून पळू द्यायचं नाही. प्यायलेलं पाणी नाकातून येऊ लागलं, आवाज गेंगाणा झाला, तर टाळूच्या नसांवर परिणाम झालाय. घास श्वासनळीत जाण्याची भीती तेव्हा खरी असते.

घरातल्यांचे आणि जवळून संपर्कात आलेल्यांचे स्वॅब घ्यायचे. त्यांना सात दिवस एरिथ्रोमायसिन किंवा बेंझाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन : सहा वर्षांच्या आतल्यांना सहा लाख युनिट, सहा वर्षं आणि त्यापुढच्यांना बारा लाख. आजार होऊन गेला तरी पुरेशी प्रतिकारशक्ती येईलच असं नाही, म्हणून बऱ्या झालेल्या मुलाचे राहिलेले लसीचे डोसही पूर्ण करायचे.