एक्सपोर्ट क्वालिटी म्हणजे कुठली?

(दृश्य : स्टीलचं पातेलं, काठोकाठ पाणी. एक हात पांढऱ्या कापडाची घडी अलगद पाण्यावर सोडतो. शेजारी मोबाइलवर सेकंद पळतायत.)

एक... दोन... तीन... घडी भिजली, जड झाली, तळाला गेली. दहा सेकंदांच्या आत बुडाली, म्हणजे पहिली परीक्षा पास. तरंगत राहिली असती, तर सुतात अजून मेण नाहीतर खळ शिल्लक आहे असं समजायचं. तसलं कापड जखमेतलं रक्त काय शोषणार?

ही जागा सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. पातेलं घरचंच आहे. आईनं दोनदा परत मागितलंय.

आजोबा गिरणीत होते. वडिलांनी यंत्रमाग टाकले, टॉवेल काढले. घरात तेलुगू, धंद्यात मराठी, पूर्व भागातल्या कितीतरी घरांसारखंच. मुलाला आता गॉज काढायचाय, म्हणजे दवाखान्यात जखमेवर ठेवतात ते जाळीचं कापड. वडिलांचा एकच सवाल : "टॉवेलवाला गिऱ्हाईक वजन बघतो, रंग जातो का बघतो, डझनाचा भाव ठरवतो. हे लोक इतकं काय विचारतात रे?"

(दृश्य : अंधारी खोली. अतिनील दिवा लागतो. टेबलावर एक टॉवेल, एक गॉज.)

बघा, टॉवेल कसा निळा झळाळतोय. शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घातलेलं असतं. टॉवेलात तो गुण. गॉजमध्ये तोच दोष. वर्षानुवर्षं ज्या हातांनी पांढऱ्याला आणखी पांढरं केलं, त्यांना इथं हात आखडायला शिकावं लागतं.

सोलापुरात दुकानाच्या पाटीवर 'एक्सपोर्ट क्वालिटी' असं लिहिलेलं असतं. टॉवेलापुरतं ते चालून जातं. वैद्यकीय मालात विचारावं लागतं, कुठला एक्सपोर्ट?

(दृश्य : दोन गॉज शेजारी शेजारी. एकात निळा दोरा.)

या दोन घड्यांत फरक फक्त त्या निळ्या दोऱ्याचा. त्यात बेरियम सल्फेट असतं. ऑपरेशनमध्ये घडी पोटात विसरली, तर एक्स-रेत दोरा दिसतो. पण दोरा घातला, म्हणजे माल शरीराच्या आत जाणार. आणि आत जाणार म्हटलं की सगळे कागद बदलले. बाहेरच्या जखमेचा साधा गॉज अमेरिकेत सगळ्यात खालच्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या वर्गात. कारखान्याची नोंदणी आणि मालाची यादी करावी लागते, पण विक्रीआधी एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेची, वेगळी मंजुरी लागत नाही. आत वापरायचा गॉज मात्र दुसऱ्या वर्गात. तिथं आधीच बाजारात असलेला एखादा माल दाखवून सिद्ध करायचं, की आमचा त्याच्यासारखाच आहे. थोडक्यात, अमेरिका विचारते : तुझा नातेवाईक कोण?

युरोप नात्यावर भागवत नाही. फ्रान्समधल्या एका कंपनीनं स्तनरोपणात औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं 2010 मध्ये उघड झालं, आणि तिथले नियम कडक करण्यामागे ते एक मोठं कारण ठरलं. नवे नियम 26 मे 2021 पासून लागू आहेत. साधा गॉज तिथंही खालच्याच वर्गात, पण तो निर्जंतुक म्हणून विकायचा असेल तर बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येऊन निर्जंतुकीकरण तपासते. तेच कापड, पण पाकिटावर 'निर्जंतुक' छापलं की खर्चाचा आकडा वेगळा.

आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे 2017 चे नियम आहेत. कमी धोक्यापासून जास्त धोक्यापर्यंत अ, ब, क, ड असे चार वर्ग. अ आणि ब ला परवान्याची सक्ती 1 ऑक्टोबर 2022 पासून, क आणि ड ला त्यानंतर एका वर्षानं. अ मधला जो माल निर्जंतुक नाही आणि मोजमापाचाही नाही, त्याला मात्र परवान्याऐवजी नोंदणी पुरते. स्पर्धाही देशातच आहे. तमिळनाडूत राजपाळयमजवळच्या छत्रपट्टीत गॉज-बँडेजचाच धंदा चालतो.

आता उलटं टोक बघू : बाहेरच्यांनी बनवलेलं यंत्र आपल्याकडे आलं, तर?

(दृश्य : मे महिना, दुपार. दवाखान्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, मागच्या बाजूचं लेबल.)

अशा यंत्रांच्या माहितीपत्रकात कमाल तापमान बहुधा 40 अंश लिहिलेलं असतं. सोलापूरचा मे 43 ला जाऊन येतो. इथला तंत्रज्ञ हसत म्हणतो, "पेशंटच्या आधी मशीनला कूलर लावतो आम्ही." खोटं कुणीच लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सोलापूर नव्हतं, इतकंच.

आपलं गाव डोळ्यांसमोर असतं तेव्हा काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. जीई या अमेरिकन कंपनीच्या बेंगळुरूतल्या अभियंत्यांनी भारतातल्या छोट्या गावांसाठी बॅटरीवर चालणारं, हातात उचलून नेता येईल असं ईसीजी यंत्र बनवलं. मोठा प्रिंटर काढून त्यात तिकिटाच्या यंत्रात असतो तसला छोटा प्रिंटर बसवला. एसटीच्या कंडक्टरकडं आपण रोज बघतो, तसलाच. पुढं याच धर्तीचं यंत्र अमेरिकेतही विकलं गेलं.

(दृश्य : पुन्हा कारखाना. कपाटात निळ्या दोऱ्याचं रीळ.)

मुलानं ठरवलंय : आधी बिनदोऱ्याचा गॉज, आधी आपला परवाना. फाइल पाऊण वीत जाड झालीये आणि अजून एक मीटरही विकलेलं नाही. वडिलांनी फाइल हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि म्हणाले, "ह्याचं वजन तर टॉवेलच्या डझनाएवढं आहे."

रीळ कपाटात परत गेलं. पातेलं आज घरी जाणार आहे. सकाळी तिसऱ्यांदा फोन आला होता.